स्वच्छ हवेची किंमत कोणी मोजली?



"काही म्हणा फादर, लॉकडाऊनमध्ये हवा मात्र छान होती!" हे वाक्य गेल्या काही वर्षांत आम्ही इतक्या जणांच्या तोंडून ऐकले आहे की, हिवाळा लागला की आता आम्ही त्याची वाटच पाहतो. डिसेंबर-जानेवारीत पहाटेच्या मिस्साला येताना रस्त्यावर धुरकट पडदा दिसतो, प्रवचनाच्या मध्येच वयस्कर मंडळींचा खोकला सुरू होतो, लहान मुलांना वाफ देण्यासाठी आया दवाखान्यात ताटकळतात. मग मिस्सा संपल्यावर कोणीतरी अंगणात उभे राहून २०२० सालाची आठवण काढतो. आकाश कसे निळे होते, रात्री तारे कसे दिसत, पाखरांचा आवाज कसा ऐकू येई!

असे बोलणारी माणसे दुष्ट नसतात. त्यांतील कित्येक जण दम्याने गांजलेले असतात. त्या दोन महिन्यांत त्यांना खरोखरच मोकळा श्वास घेता आला होता, आणि त्यांचा तो दिलासा आम्हाला नाकारायचा नाही. तरीही या वाक्यापाशी आम्ही अडखळतो. आज या पानावर त्या एका वाक्याचाच विचार करायचा आहे.

सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकताना प्राध्यापकांनी आम्हाला एक सवय लावली होती. कोणतेही विधान समोर आले की आधी विचारावे, हे खरे आहे का? आणि ते खरे ठरले तरी तेथेच थांबू नये. पुढे विचारावे, हे समाधानाने म्हणण्याचा आपल्याला अधिकार आहे का? पहिला प्रश्न वस्तुस्थितीचा, दुसरा नीतीचा. आपण दोन्ही प्रश्न क्रमाने घेऊ.

रविवार, २२ मार्च २०२० रोजी देशभर जनता कर्फ्यू पाळला गेला. त्याच दिवसापासून मुंबईची लोकल सामान्य प्रवाशांसाठी बंद झाली, आणि २५ मार्चपासून संपूर्ण देशात टाळेबंदी लागू झाली. आधी २१ दिवस म्हणून आलेली ही टाळेबंदी वाढत वाढत मे महिन्याच्या अखेरपर्यंत गेली. त्या काळात हवेचे काय झाले, याची मोजमापे उपलब्ध आहेत. मुंबई व दिल्ली या दोन महानगरांविषयी २०२० मध्येच प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात टाळेबंदीपूर्वीच्या हवेशी तुलना केलेली आहे. त्यानुसार मुंबईत पीएम २.५ म्हणजे अतिसूक्ष्म धूलिकण सुमारे ३७ टक्क्यांनी घटले, तर वाहनांच्या धुरातून मुख्यत्वे येणारा नायट्रोजन डायऑक्साइड तब्बल ७८ टक्क्यांनी. दिल्लीत हेच आकडे अनुक्रमे ४९ आणि ६० टक्के होते. दिल्लीवरील आणखी एका अभ्यासात तर असे आढळले की, टाळेबंदी सुरू झाल्यावर अवघ्या चार दिवसांत हवेची गुणवत्ता ४० ते ५० टक्क्यांनी सुधारली.

चार दिवस! हा आकडा वाचून आम्ही काही वेळ पुस्तक मिटून बसलो होतो. इतकी वर्षे आपण म्हणत आलो की, एवढ्या मोठ्या शहरात हे असेच चालायचे. हवेने चार दिवसांत उत्तर दिले.

पंजाबातील जालंधर शहरातून धौलाधारच्या बर्फाच्छादित रांगा दिसू लागल्या आणि लोक गच्चीवर जाऊन फोटो काढू लागले, ही बातमी आपणा सर्वांना आठवत असेल. नवी मुंबईच्या खाडीकाठी रोहित पक्ष्यांचा गुलाबी गालिचा पसरल्याचे फोटोही सर्वांच्या मोबाइलवर फिरले. (व्हेनिसच्या कालव्यात डॉल्फिन आल्याचा व्हिडिओही फिरला होता. तो खोटा होता, सार्डिनिया बेटावर काढलेला होता. पण आपल्या धर्मग्रामातील व्हॉट्सॲप ग्रुपवर तो किती भक्तिभावाने पुढे पाठवला गेला, हे आम्ही विसरलेलो नाही!)

म्हणजे विधान खरे आहे. पण पूर्ण खरे नाही, आणि जेथे ते अपुरे पडते तेथे शिकण्यासारखे बरेच आहे.

एक तर मार्च-एप्रिलमध्ये आपल्याकडची हवा तशीही थंडीच्या मानाने निवळते. ऊन वाढते, हवा वर चढते, समुद्राचा वारा धूळ पसरवून टाकतो. दिल्लीत तर २०२० च्या मार्चमध्ये भरपूर पाऊस पडला होता. बर्मिंगहॅम विद्यापीठातील शास्त्रज्ञांच्या पुढाकाराने दिल्लीसह जगातील ११ शहरांचा एक अभ्यास झाला व तो २०२१ च्या जानेवारीत प्रसिद्ध झाला. त्यांनी हवामानाचा वाटा वजा करून पाहिले, तेव्हा टाळेबंदीमुळे झालेली घट सुरुवातीला वाटली होती त्यापेक्षा कमी भरली. घट झाली होतीच. पण तिच्यातील काही भाग आपल्या थांबण्याचा नव्हता, ऋतूचा होता.

शिवाय सगळेच प्रदूषण कमी झाले नाही. भारतातील २२ शहरांच्या एका अभ्यासात जमिनीलगतचा ओझोन वायू १७ टक्क्यांनी वाढलेला आढळला. आकाशात उंचावर असलेला ओझोन आपले रक्षण करतो, परंतु नाकाशी आलेला ओझोन फुप्फुसांना जाळतो. तो वाढला कसा? वाहनांच्या धुरातील नायट्रिक ऑक्साइड ओझोनला खाऊन टाकतो; तो धूरच कमी झाला, तेव्हा ओझोनला मोकळे रान मिळाले. निसर्गाचा हिशेब आपल्या भावनांप्रमाणे चालत नाही.

आणि आम्हाला सर्वांत जास्त विचार करायला लावणारी गोष्ट म्हणजे सिंगरौली. मध्य प्रदेश व उत्तर प्रदेशाच्या सीमेवरील हा कोळशाच्या खाणींचा व औष्णिक वीज प्रकल्पांचा पट्टा. मुंबई-दिल्लीच्या ज्या अभ्यासाचा वर उल्लेख केला, त्याच अभ्यासात सिंगरौलीचीही हवा मोजली होती. तेथे महानगरांसारखी ठळक सुधारणा दिसली नाही, कारण वीज प्रकल्प चालूच होते. ते चालू नसते तर घरी बसलेल्या देशाचे पंखे, टीव्ही, मोबाइल आणि आपली ऑनलाइन मिस्सादेखील कशी चालली असती? देशातील शहरवासी गच्चीवरून तारे पाहत होते, तेव्हा सिंगरौलीच्या पट्ट्यातील माणसे नेहमीचीच राख श्वासातून घेत होती. देश "थांबला" असे आपण म्हणतो, तेव्हा तो सगळीकडे सारखा थांबलेला नव्हता.

आता दुसऱ्या प्रश्नाकडे येऊ.

ॲरिस्टॉटल आपल्या नीतिशास्त्रात एक साधा भेद करतो. जे कृत्य बाहेरच्या बळजबरीने घडते, त्याबद्दल कर्त्याची स्तुतीही करता येत नाही व निंदाही करता येत नाही. वाऱ्याने जहाज भलत्याच किनाऱ्याला लागले, तर खलाशाने ते तेथे नेले असे कोणी म्हणत नाही. २०२० च्या एप्रिलमध्ये आपण गाड्या बाहेर काढल्या नाहीत, त्या निसर्गावरील प्रेमापोटी नव्हे. नाक्यावर पोलीस उभा होता आणि मनात मरणाची भीती होती. तेव्हा ती स्वच्छ हवा ही आपली पुण्याई नाही. तिचे श्रेय आपल्याला घेता येत नाही, आणि याचा पुरावाही लगेच मिळाला. बंदी उठली तशी वाहने परतली, भट्ट्या परतल्या, खोदकामे परतली. त्याच वर्षी १४ नोव्हेंबरला दिवाळी होती, आणि त्या दिवशी दिल्लीची हवा पुन्हा "गंभीर" श्रेणीत गेली होती. सात-आठ महिन्यांत सगळे पूर्ववत! ज्यात मन बदललेले नसते, ते टिकत नाही.

पण एवढ्यावर हा विषय संपला असता, तर आम्ही हे पान लिहिले नसते. श्रेय आपले नाही हे मान्य केले, तरी कोणी म्हणेल, "फादर, श्रेय कोणाचेही असो, हवा तर चांगली होती ना? चांगल्याला चांगले म्हणायला काय हरकत?"

हरकत आहे ती तिच्या किमतीमुळे. ती हवा फुकट आलेली नव्हती. तिची किंमत कोणीतरी मोजली होती, आणि मोजणारे बहुतांशी आपण नव्हतो.

८ मे २०२० ची पहाट आठवा. जालन्याहून भुसावळकडे रेल्वेरुळांवरून पायी निघालेले मजूर औरंगाबादजवळ करमाड येथे थकून रुळांवरच झोपले आणि मालगाडीखाली १६ जण मरण पावले. रुळांवर विखुरलेल्या पोळ्यांचे छायाचित्र आपण सर्वांनी पाहिले. त्या आठवड्यात महाराष्ट्रातील हवा, शहरांतील नोंदी पाहिल्या तर, कित्येक वर्षांत नव्हती इतकी चांगली होती. मुंबई-नाशिक महामार्गावर डोक्यावर बोचकी व कडेवर लेकरे घेऊन चालणाऱ्या हजारो कुटुंबांनी ती स्वच्छ हवा आपल्यापेक्षा कितीतरी अधिक छाती भरून घेतली. आपण खिडकीतून घेतली, त्यांनी उन्हात शेकडो किलोमीटर चालताना घेतली.

फार लांब जायला नको. आपल्या वसईतील सनसिटीच्या मैदानावर श्रमिक रेल्वेची वाट पाहत हजारो माणसे मे महिन्याच्या रणरणत्या उन्हात बसली होती. आपल्यापैकी काही तरुणांनी तेथे जाऊन पाणी व बिस्किटे वाटली होती, ती मुले आजही त्याविषयी फारसे बोलत नाहीत. आपल्या वाड्यांतील फुले दादरच्या बाजारात पोहोचू शकली नाहीत, झाडावरच सुकली. किती घरांत पगार अर्धा झाला, किती जणांची नोकरी कायमची गेली, हे आम्ही घरोघरी भेटी देताना ऐकले आहे. ज्यांच्या घरचे माणूस त्या दिवसांत गेले आणि ज्यांना चार जणांच्या उपस्थितीत दफनविधी उरकावा लागला, ती कुटुंबे याच मंदिरात आपल्या शेजारच्या बाकावर बसतात. "लॉकडाऊनमध्ये हवा छान होती" हे वाक्य आपण मोठ्याने बोलतो, तेव्हा ते त्यांच्याही कानावर पडते.

गल्लीत एखाद्याचे घर पेटले आणि त्या उजेडात शेजाऱ्याला आपली हरवलेली किल्ली सापडली, तर किल्ली सापडली हे खरेच. पण "त्या रात्री उजेड काय छान पडला होता" असे तो त्या घरमालकासमोर म्हणेल का?

पवित्र शास्त्रात या प्रश्नाला अगदी भिडणारा एक प्रसंग आहे, पण त्याच्याकडे आपले फारसे लक्ष जात नाही. लेवीय ग्रंथाच्या २५ व्या अध्यायात देवाने जमिनीला दर सातव्या वर्षी विसावा द्यायला सांगितले आहे. लोकांनी तो दिला नाही. पुढे बाबेलच्या राजाने यरुशलेम उद्ध्वस्त केले, लोकांना बंदिवासात नेले, आणि इतिहासाचे दुसरे पुस्तक आपल्या शेवटच्या अध्यायात सांगते की, तेव्हा ओसाड पडलेल्या जमिनीने आपले चुकलेले विसाव्याचे दिवस भोगले. जमिनीला विसावा मिळाला खरा! पण माणसे परमुलखात होती, मंदिर जळालेले होते. त्या विसाव्याचा आनंद मानावा असे शास्त्र कोठेही सुचवत नाही.

आता त्याच्या शेजारी निर्गम ग्रंथाचा २३ वा अध्याय ठेवून वाचा. तेथे विसाव्याची आज्ञा देताना कोणाची नावे घेतली आहेत? सातव्या वर्षी शेतात आपोआप उगवेल ते गोरगरिबांनी खावे. सातव्या दिवशी बैलाने व गाढवाने विसावा घ्यावा, दासीच्या मुलाला आणि परक्या मुलखातून आलेल्याला दम खाता यावा. म्हणजे थांबायचे ठरवतानाच, थांबल्यावर ज्याच्या पोटाला चिमटा बसेल त्याची तरतूद आधी सांगितली आहे. आमच्या मते टाळेबंदी आणि शब्बाथ यांतील सगळा फरक येथे आहे. दोन्हींत चाके थांबतात. एकात थांबण्याचा भार सर्वांत दुबळ्यावर पडतो, दुसऱ्यात त्याच्यासाठीच थांबायचे असते.

पोप फ्रान्सिस यांच्या "लाउदातो सी" या पत्राला २४ मे २०२० रोजी, म्हणजे टाळेबंदी चालू असतानाच, ५ वर्षे पूर्ण झाली हा योगायोग आम्हाला अर्थपूर्ण वाटतो. धरणीचे दुःख आणि गरिबांचे दुःख ही दोन वेगळी प्रकरणे नाहीत, हा त्या पत्राचा गाभा. त्या महिन्यात मात्र आपण धरणीचे सुख एका डोळ्याने व गरिबाचे दुःख दुसऱ्या डोळ्याने पाहत होतो.

येथे कोणी असा अर्थ काढू नये की, टाळेबंदी लावणेच चूक होते. साथ पसरत होती, लस नव्हती, इस्पितळे अपुरी होती. तो निर्णय कसा राबवला यावर वाद होऊ शकतो. आमचा आजचा विषय तो नाही. आमचा प्रश्न आहे, त्या दिवसांतील हवेचे आज काय करायचे? तिची नुसती आठवण काढत बसायचे की तिच्यापासून काही घ्यायचे?

एक गोष्ट तर तिने कायमची सिद्ध केली. "माझ्या एका स्कूटरने काय होणार?" असे प्रत्येक जण म्हणतो, आणि त्याचे म्हणणे हिशेबात बरोबरही असते. एका स्कूटरने खरोखर काही होत नाही. म्हणूनच प्रदूषण हे असे पाप आहे की ज्याचा पापनिवेदनात कोणी उच्चार करत नाही. आमच्या इतक्या वर्षांच्या धर्मगुरुपदात एकानेही केलेला नाही! प्रत्येकाचा वाटा शून्याच्या जवळ, पण बेरीज मात्र प्राणघातक. "लॅन्सेट"च्या नियतकालिकात २०२० च्या डिसेंबरमध्ये आलेल्या अभ्यासाचा अंदाज आहे की, २०१९ या एका वर्षात घराबाहेरच्या आणि घरातल्या प्रदूषित हवेमुळे भारतात १६.७ लाख मृत्यू झाले. कोविडने आपल्या देशात सरकारी नोंदीप्रमाणे ५ लाखांहून अधिक माणसे नेली; जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज याहून कितीतरी मोठा आहे, आणि आपल्या सरकारने तो मान्य केलेला नाही. आम्हाला मृत्यूंची स्पर्धा लावायची नाही. पण दोन्ही मरणे श्वासातूनच येतात. एकासाठी आपण सगळा देश उभ्याउभ्या थांबवला, दुसऱ्यासाठी एक दिवस गाडी घरी ठेवत नाही. असे का?

आमच्या मनात येणारे उत्तर फारसे सुखावह नाही. कोविड श्रीमंताच्या घरातही शिरत होता. मंत्री, नट, उद्योगपती, बिशप, कोणालाही तो सोडत नव्हता. दूषित हवा मात्र माणसे पाहून वागते असे वाटावे, इतकी ती विषम वाटलेली आहे. ज्याला एअर प्युरिफायर परवडतो तो खिडकी लावून घेतो. सिग्नलवर फुले विकणारी बाई, रस्ता झाडणारा कामगार, सिमेंटच्या गोण्या वाहणारा मजूर यांना खिडकीच नसते. भीती आपल्यापर्यंत पोहोचली की आपण हलतो, तोवर नाही.

आता थोडे आपल्या लोकलविषयी. विजेवर धावणारी लोकल हे या महानगराचे कमीत कमी धूर करणारे वाहन. साथीच्या आधी रोज सुमारे ७५ लाख प्रवासी ती वाहत होती. संसर्गाच्या भीतीने ती बंद केली, हे समजण्यासारखे होते. पण १५ जून २०२० पासून ती फक्त अत्यावश्यक सेवेतील कर्मचाऱ्यांसाठी सुरू झाली आणि बाकीच्या बहुतेकांना, तेही ठरावीक वेळेत, १ फेब्रुवारी २०२१ पर्यंत वाट पाहावी लागली. मधल्या काळात कार्यालये उघडली होती. ज्याच्याकडे मोटार होती तो मोटारीने गेला. बाकीचे एसटीत उभे राहून, तीन-तीन तास प्रवास करून गेले. २०२० च्या जुलैत नालासोपाऱ्याचे प्रवासी रुळांवर उतरले, ते उगाच नव्हे. म्हणजे धूर न करणारे गरिबाचे साधन बंद आणि धूर करणारे श्रीमंताचे साधन चालू! हे कोणी मुद्दाम ठरवून केले नाही. पण कोणाच्या गैरसोयीचा आधी विचार होतो हे त्यातून दिसले.

आणि हाच क्रम पुढेही चालू राहिला. २०२१ च्या नोव्हेंबरात दिल्लीची हवा इतकी बिघडली की, सर्वोच्च न्यायालयाने सुनावणीच्या वेळी दोन दिवसांच्या टाळेबंदीचा विचार करण्यास सुचवले. साथीसाठी शोधलेला उपाय आता धुरासाठी! तेव्हा बांधकामे थांबवण्यात आली. बांधकाम थांबले म्हणजे धूळ थांबली, तसा रोजही थांबला. फरक एवढाच की, या वेळी न्यायालयाने मजुरांच्या कल्याण उपकरातून त्यांना निर्वाहभत्ता द्यावा असे सांगितले आणि दिल्ली सरकारने प्रत्येकी ५,००० रुपये देण्याचे जाहीर केले. ही रक्कम पुरेशी होती का, सर्वांपर्यंत पोहोचली का, हे प्रश्न आहेतच. पण हवेच्या स्वच्छतेची किंमत मजुराच्या चुलीवर टाकायची नाही, हे तत्त्व निदान कागदावर आले, याचे मोल आम्ही मोठे मानतो.

मुंबईतही ३० डिसेंबर २०२४ रोजी महापालिकेने भायखळा आणि बोरिवली पूर्व येथील सर्व बांधकामे हवा खराब झाल्यामुळे थांबवली. त्यानंतरच्या जानेवारीत उच्च न्यायालयाने लाकूड व कोळशावर चालणाऱ्या बेकऱ्यांना सहा महिन्यांत स्वच्छ इंधनाकडे वळण्यास सांगितले. हे दोन्ही निर्णय हवेच्या दृष्टीने योग्यच म्हणावे लागतील. पण भट्टी बदलायला पैसा लागतो, आणि लहान बेकरीवाल्याजवळ तो नसतो. आपल्या घरी सकाळ-संध्याकाळ पाव लागतो. तो दोन रुपयांनी महागला तर आपण कुरकुर न करता घेणार आहोत का? की स्वच्छ हवाही हवी आणि पावही जुन्याच भावाने हवा?

ज्या वसईत फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्यासारख्यांनी हिरव्या पट्ट्यासाठी लढा दिला, तेथे झाडे व बावखले यांचे महत्त्व आम्ही नव्याने सांगायला नको. कचरा जाळू नका, लग्नात फटाके लावू नका, हेही दरवर्षी वेदीवरून सांगून झाले आहे. आज आम्हाला त्याहून अधिक अडचणीचा एक विषय मांडायचा आहे, आणि तो आपल्याच अंगणातील आहे.

आपल्या नव्या सभागृहाचे काम सुरू होऊन काही महिने झाले. शाळेच्या बाजूने उडणाऱ्या धुळीविषयी पालकांनी तक्रार केली, ती रास्त आहे. ठेकेदाराचे म्हणणे असे की, चारही बाजूंनी उंच पत्रे व हिरवे कापड लावणे, दिवसातून तीनदा पाणी मारणे आणि खडी-वाळूचे ट्रक झाकून आणणे यासाठी जादा खर्च येईल. तो द्यायला कोणाचा विरोध असेल असे आम्हाला वाटत नाही. प्रश्न दुसराच आहे. थंडीत जेव्हा हवा फारच खराब होते, तेव्हा खोदकाम व तोडकाम बंद ठेवावे असा प्रस्ताव धर्मग्राम मंडळापुढे आला आहे. त्याला जवळजवळ सर्वांनी संमती दर्शवली. मग आम्ही विचारले की, त्या दिवसांचा मजुरांचा रोज कोण देणार? त्यावर थोडी शांतता पसरली. कामावर असलेले बहुतेक मजूर बाहेरच्या राज्यांतील आहेत, दिवस भरला तरच त्यांना पैसे मिळतात. एका सभासदाने सुचवले की, तो ठेकेदाराचा प्रश्न आहे. ठेकेदार म्हणतो, करारात तसे काही लिहिलेले नाही, आणि तो खोटे बोलत नाही.

आमचे मत आम्ही मंडळात सांगितले आहे, येथेही सांगतो. बंद ठेवलेल्या दिवसांचा पूर्ण रोज धर्मग्रामाने द्यावा. त्यामुळे सभागृह उशिरा पूर्ण होईल आणि या वर्षीच्या सणाला ते वापरता येणार नाही, कदाचित आतील रंगकामही पुढे ढकलावे लागेल. मुलांच्या फुप्फुसांसाठी काम थांबवायचे ठरवले तर ते आपण सर्वांनी मिळून थांबवायचे, ज्यांच्या घरी त्या संध्याकाळी तांदूळ नसेल त्यांच्या जिवावर नव्हे. काही सभासदांना हे मान्य नाही. देणगीदारांनी पैसे इमारतीसाठी दिले होते, रिकाम्या दिवसांच्या मजुरीसाठी नव्हे, असा त्यांचा आक्षेप आहे. तो आम्ही हलका मानत नाही. देणगीचा विनियोग हा विश्वासाचा विषय असतो. म्हणूनच हा निर्णय एकट्या मंडळाने न घेता सर्वांसमोर घ्यावा असे ठरले.

बैठक पुढील रविवारी दुसऱ्या मिस्सानंतर शाळेच्या वर्गात होईल. देणगीदारांनी आवर्जून यावे, विशेषतः ज्यांना आमचे म्हणणे पटलेले नाही त्यांनी. जमाखर्चाची वही तेथे ठेवलेली असेल. ठेकेदाराला बोलावले आहे, आणि मजुरांपैकी दोघांनी येण्याचे कबूल केले आहे. ते हिंदीत बोलतील.